रेवाचे रिकामे रकाने

नंदाखाल गावच्या रेवा नावाच्या नर्सविरुद्ध मी तक्रार केली. तक्रारीतला एकही शब्द खोटा नव्हता, तरी तक्रार चुकीची होती. ती कशी चुकली आणि त्या मुलीचं त्यात काय झालं, ते लिहितो. लिहिताना राग येतो. येऊ दे.

माझी मोठी बहीण कमळी. आम्ही तिला बाय म्हणतो. वय त्र्याहत्तर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तिचा मुलगा हरेश कामणच्या गोदामांचा माल टेम्पोने पोहोचवतो. त्याने तिला वसईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखल केलं. नाव लिहीत नाही. दर्शनी बाजूला काचा, आत एसी, रिसेप्शनवर ताजी फुलं. बायकांचा जनरल वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, अठरा खाटांचा. तिथे ताजी फुलं नव्हती.

आठव्या दिवशी बायच्या माकडहाडावर जखम दिसली. रुपयाएवढी, मध्ये काळी. डॉक्टर म्हणाले, एका जागी पडून राहिल्याने होते, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. खाटेच्या पायथ्याशी त्याचा चार्ट टांगलेला होता. वर तासांचे आकडे, खाली रकाने. पेशंटला वळवलं की त्या रकान्यात डावी, उजवी की पाठ ते लिहायचं आणि सही करायची.

मी चार्ट काढून वाचला. सकाळच्या पाळीचे सगळे रकाने भरलेले. रात्रीच्या पाळीचेही. दुपारी दोन ते आठ या पाळीत चार, सहा आणि आठ असे तीन रकाने होते, आणि सही एकीचीच, रेवा. सात दिवसांचे एकवीस रकाने. त्यांतले नऊ कोरे.

मी छत्तीस वर्षं माथाडीत काम केलं. आमच्याकडे टोळी ट्रक भरायची आणि दाराशी दुसराच माणूस प्रत्येकाची खेप चिठ्ठीवर मांडायचा. ज्याच्या नावापुढे जागा कोरी, तो कामचुकार. त्याची बाजू कोणी ऐकायचं नाही. अशी दोन माणसं मी स्वतः टोळीतून काढायला लावली आहेत. म्हणून नऊ कोरे रकाने पाहिल्यावर मला विचार करावाच लागला नाही.

"हीच ती," मी हरेशला म्हटलं. "बाकीच्या दोघी करतात, हिला होत नाही."

"मामा, डायरेक्ट मॅनेजरला देऊ," हरेश म्हणाला. "तुम्ही बोला, मी टाइप करतो."

मी तारखा सांगितल्या, वेळा सांगितल्या, नाव सांगितलं. हरेशने चार्टचा फोटो जोडला. पहिली सही माझी.

मॅनेजरचं नाव सुजय. पस्तिशीचा, गोड बोलणारा. कागद वाचून त्याचा चेहरा पडायला हवा होता. उलट तो सैल झाला. "थँक यू काका," म्हणाला. "तुम्ही नाव दिलंत हे फार बरं झालं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे तपासणीची टीम यायची आहे. आम्ही लगेच कारवाई करतो." मला तेव्हा वाटलं, माणूस कामाचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठलाच बायजवळ जाऊन बसलो. नजर ठेवायला, खरं सांगायचं तर.

आठ वाजले, दहा वाजले. सकाळची सिस्टर अठरा खाटांमधून धावत होती. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. इंजेक्शनं, सलाईन, दोन पेशंट घरी सोडायचे त्यांचे कागद, एक नवीन पेशंट आली तिचे कागद, मध्ये डॉक्टरांचा राउंड, मध्ये फोन. बायच्या खाटेशी ती दोनदा आली. एकदा ताप बघायला, एकदा गोळी द्यायला. बाय सकाळपासून पाठीवर होती, ती पाठीवरच राहिली. पावणेदोनला ती पोरगी पेन घेऊन आली आणि उभ्या-उभ्या चार रकाने भरले. आठ, डावी. दहा, उजवी. बारा, पाठ. दोन, डावी. चार सह्या.

"सिस्टर," मी म्हटलं, "मी सकाळपासून इथेच आहे."

ती लाल झाली. मग दमल्या आवाजात म्हणाली, "काका, सगळ्या असंच करतात. वरून ऑर्डर आहे, रकाना रिकामा दिसता कामा नये. आणि वळवायला दोघी लागतात. मी एकटीच आहे ना इथे?"

ती गेली. मी चार्ट पुन्हा हातात घेतला. सात दिवस, सकाळ आणि रात्र, एकही कोरी जागा नाही. आणि बायच्या पाठीला जखम.

आमच्याकडे चिठ्ठी दुसरा माणूस लिहायचा. इथे जिचं काम तीच लिहिते. हा एवढा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता. ज्या चार्टवर जी राबते तीच सही करते, तिथे कोरी जागा ठेवणारी एकच बाई खरं बोलत होती. आणि मी तिला पकडून दिलं होतं.

दोन वाजता रेवा आली. एकतीस वर्षांची, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. आल्या-आल्या ती खुर्चीत बसली नाही. चार्ट बघितले, गोळ्या-इंजेक्शनं उरकली आणि चारच्या ठोक्याला बायकडे आली. बरोबर वॉर्डातली मावशी होती, पण तेवढ्यात तिला खालून बोलावणं आलं, पेशंटला सोनोग्राफीला न्यायचं होतं.

रेवाने माझ्याकडे पाहिलं. "धरता का?"

मी उठलो, चादरीला हात घातला आणि ओढली.

"ओढू नका," ती म्हणाली. "ओढलं की कातडं सोलवटतं. उचला. मी तीन म्हणेन तेव्हा." मग बायच्या कानाशी वाकली. "बाय, आता डाव्या कुशीवर घेतो तुम्हाला. हात माझ्याकडे द्या."

बाय त्या आठ दिवसांत नीट बोललीच नव्हती. ती म्हणाली, "पानी."

"देते. आधी वळा, मग पानी." रेवा तिच्यासारखंच म्हणाली, आणि बायच्या तोंडाची डावी बाजू हसली.

बायचं वजन बहात्तर किलो. शंभर किलोचं पोतं मी पाठीवर घेतलेलं आहे, पण पोत्याला धरायला कोपऱ्यांचे कान असतात, ते पाठीवर बसतं. लुळं पडलेलं माणूस हातातून सांडतं. त्याला न ओढता उचलायचं, खाली उशी सारायची, गुडघ्यांमध्ये दुसरी, टाच अधांतरी ठेवायची, लघवीची नळी दाबली जात नाही ना ते बघायचं. आम्हा दोघांना दहा मिनिटं लागली. माझी कंबर बोलायला लागली. वॉर्डात असे पाच पेशंट होते. पाच जणी, एका पाळीत तीन-तीन वेळा, म्हणजे पंधरा वेळा दहा मिनिटं. अडीच तास. सहा तासांच्या पाळीतले अडीच तास दोन माणसं फक्त या कामाला हवीत. बाकीच्या तेरा जणींचं सगळं त्यावर. तिथे माणूस होतं एक.

आमच्या टोळीला कुणी सहा जणांचा ट्रक एकट्याला भरायला सांगितला असता, तर आम्ही काम बंद केलं असतं आणि मुकादमाला दारात उभं केलं असतं. हे त्या बाईला रोज सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्याला लाजही नव्हती.

"तक्रार मी केली," मी म्हटलं.

"माहीत आहे. सही वाचली."

"मला कळलं नाही."

तिने हात धुतले, चारच्या रकान्यात डावी लिहिलं, सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

सहाच्या सुमारास समोरच्या खाटेवरच्या बाईला दम लागला. रेवाने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला, तिला उठतं धरून बसवलं. डॉक्टर यायला वीस मिनिटं, पुढे अर्धा तास ती तिथून हलू शकली नाही. तिकडे दोन सलाईन संपल्या, नातेवाईक ओरडायला लागले. एक गृहस्थ म्हणाला, "पगार कशाचा घेता तुम्ही?" काल हेच मी म्हणालो असतो. बाय त्या वेळी वळवायची राहिली.

आठला पाच कमी असताना रेवा चार्ट घेऊन आली. सहाचा रकाना तसाच सोडून आठच्यात लिहिलं, कारण नुकतंच आम्ही दोघांनी बायला पुन्हा वळवलं होतं.

मी म्हटलं, "पोरी, सहाचाही भर ना. मी काही बोलणार नाही."

"भरला तर उद्या डॉक्टर काय समजतील? वळवूनही जखम वाढते. मग मलम बदलतील, गादी बदलतील, अँटिबायोटिक चढवतील. वळवलंच नाही हे त्यांना कळायला नको?" तिने पेन खिशात अडकवलं. "आणि रात्रीच्या सिस्टरला कोरा रकाना दिसला की ती राउंड तिथूनच सुरू करते. करायची, म्हणजे. मला पहिल्या नोकरीत असंच शिकवलंय. कोरा ठेवायचा म्हणजे पुढचीला निरोप ठेवायचा."

"आता करत नाहीत?"

"आता कोण निरोप वाचतंय," ती म्हणाली.

तिच्याबद्दल पुढे मला जे कळलं, त्यातलं थोडं तिच्याकडून आणि बरंचसं तिची आई जयवंती हिच्याकडून. वडील हरिश्चंद्र, नंदाखालला केळीची आणि नारळाची वाडी. रेवाने साडेतीन वर्षांचं नर्सिंग केलं आणि नऊ वर्षं काम. पहिल्या हॉस्पिटलात एक म्हातारा मांडीचं हाड मोडून एकसष्ट दिवस पडून होता. घरी गेला तेव्हा त्याच्या पाठीवर एकही डाग नव्हता. त्या वॉर्डात एका पाळीला चौघी असायच्या. रेवाने घरी येऊन आईला सांगितलं होतं, आज मी कमावलं. पगाराच्या दिवशी ती असं कधी बोलली नाही.

मग ते हॉस्पिटल बंद पडलं आणि ती इथे आली. पहिल्या वर्षी तिघी, पुढे दोघी, मग एक. डबा भरलेला परत यायला लागला. पाणी पिणं तिने कमी केलं, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायला वेळ नसतो. लघवीला जळजळ सुरू झाली, दोनदा औषधं घेतली. घरी कुकरची शिट्टी झाली तरी उठून उभी राहायची. आईवर खेकसायची. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, मला आधी झोप हवी. हॉस्पिटलने मध्ये कामातल्या समाधानाचा कागद वाटला होता. तुम्ही आनंदी आहात का, पाचपैकी खूण करा. मेट्रनने, म्हणजे मुख्य सिस्टरने, सगळ्यांना सांगितलं, चार करा, पाच केलं तर खोटं वाटतं. रेवाने तोही कोरा दिला.

सोमवारी अकराला मॅनेजरने आम्हाला त्याच्या खोलीत बोलावलं. मी, हरेश, रेवा आणि मेट्रन ज्युली सिस्टर. ज्युली सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

टाइप केलेला कागद तयार होता. सुजयने वाचून दाखवला. माझ्या हलगर्जीपणामुळे रुग्णास जखम झाली, मी चूक कबूल करते, पुन्हा होणार नाही.

"फक्त सही," तो रेवाला म्हणाला. "एक ताकीद जाईल फाइलला. नोकरीला काही होणार नाही. तपासणीच्या टीमला आम्ही दाखवू, तक्रार आली, जबाबदार व्यक्ती सापडली, कारवाई झाली. विषय संपला. नाही केली तर मला तुम्हाला काढावं लागेल, आणि नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागेल. फोटो आहे."

माझ्या तक्रारीतला फोटो. माझ्या तारखा.

"माझी तक्रार मी मागे घेतो," मी म्हटलं. "सकाळची पाळी वळवत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय. रकाने मागाहून भरतात. ड्युटीचा तक्ता काढा, एका पाळीला किती जणी लावता ते बघू."

"काका, तुमची सही आहे या कागदावर."

"म्हणूनच मागे घेतोय."

हरेशने माझा दंड धरला. "मामा, गप्प बसा ना प्लीज. आईला वर एसी रूम देतायत हे लोक. जनरलच्या चार्जमध्ये. मी हो बोललोय."

"कधी बोललास?"

"काल. फोनवर." त्याने मान खाली घातली. "तुम्हाला काय, तुम्ही रिटायर आहात. मला आईचं बघायचंय."

मी भाच्याला चारचौघांत काही बोललो नाही. नंतर बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुजय माझ्याकडे वळला, शाळेत समजावतात तसा. "काका, नर्सेस मिळत नाहीत हो. जाहिराती देतो. येतात आणि दोन महिन्यांत पळतात. आजकाल कुणाला मेहनत नको आहे."

मेहनत. हा शब्द त्याने माझ्यासमोर उच्चारला, एसीत बसून. माझे हात टेबलावर होते, ते मी खाली घेतले.

 रेवाने कागद ओढला, सुजयचंच पेन घेतलं. मला वाटलं, सही करते. तिने पहिली ओळ रेघ मारून खोडली आणि वर हाताने लिहिलं. मी शेजारून वाचत होतो. सात दिवसांत अठरा रुग्णांसाठी दुपारच्या पाळीत मी एकटी नर्स होते. नऊ वेळा या रुग्णाला वळवता आलं नाही. बारा वेळा वळवलं. मी लिहिलेला प्रत्येक रकाना खरा आहे. खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक.

"कौन्सिलला पाठवाल तेव्हा हाच कागद पाठवा," ती म्हणाली. "त्यांना विचारू दे, बाकीच्या पाळ्यांत कसं काय जमतं."

"रेवा, असं लिहू नकोस गं," ज्युली सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. "मला अडचण होते."

"तुम्हाला दोन वर्षं अडचण होते आहे, सिस्टर. तुम्ही मागणी लिहून दिलीत का एकदा तरी? मला एक मुलगी वाढवून द्या म्हणून?"

ज्युली सिस्टरनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. त्यांनी दिली नव्हती. पूर्वी त्याही चांगल्या नर्स होत्या म्हणे. असतील. मला त्यांची कीव आली नाही.

रेवाने मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो काढला, कागद टेबलावर ठेवला आणि दोन वाजता ड्युटीला लागली. नेहमीसारखी. तिला काढलं नाही. कौन्सिलला काही गेलं नाही. तो कागद बाहेर जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. पोच द्यायला ते तयार नव्हते. साहेब मीटिंगमध्ये आहेत, शिक्का सापडत नाही, उद्या या. मी तीन दिवस रिसेप्शनच्या समोरच्या खुर्चीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बसलो. चौथ्या दिवशी शिक्का सापडला.

बायला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. एसी, टीव्ही, पडदा. सिस्टरांचं टेबल तिथून इतकं लांब, की घंटा दाबून पंधरा मिनिटं वाट बघावी लागे. खोलीतला चार्ट कायम भरलेला असे. दहा दिवसांत जखम वाटीएवढी झाली. मग आम्ही तिला घरी आणलं. आता हरेशची बायको संजना आणि मी वळवतो.

रेवाने तपासणीची टीम येऊन गेल्यावर राजीनामा दिला. आधी नाही. आधी दिला असता तर चूक होती म्हणून गेली असं झालं असतं. महिन्याची नोटीस तिने पूर्ण भरली, एक दिवस सुट्टी न घेता.

मे महिन्यात मी नंदाखालला गेलो, शिक्क्याचं पत्र द्यायला. ती वाडीत होती, वडिलांबरोबर केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढत होती. चेहरा भरला होता. जयवंतीने सरबत आणलं. रेवाने पत्र वाचलं, घडी घातली.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"काका, सकाळच्या मुलीला बावीस वर्षांची म्हणून कळत नसेल. मॅनेजरला कळून घ्यायचं नाही. तुम्ही आयुष्यभर ओझी उचललीत. तुम्हाला एका नजरेत दिसायला हवं होतं, की हे एका माणसाचं काम नाही." ती रागावून बोलत नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. "सही करायच्या आधी विचारायचं होतं मला. मी दोन खाटा सोडून उभी होते."

"बरोबर आहे," मी म्हटलं. 

"जखम केवढी आहे आता?"

मी बोटांनी दाखवली. ती कशी धुवायची, उशी कुठे द्यायची, ते तिने दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघून कपाळाला आठी घातली, पण उचलला आणि स्पीकरवर टाकला, कारण हाताला चिखल होता. सुजयचा आवाज. एकदम गोड. रेवा मॅडम, तुमच्या जागी दोन आल्या, दोन्ही गेल्या. तुम्ही परत या, झालं गेलं सोडून द्या. वॉर्ड इन्चार्ज करतो.

हरिश्चंद्र कोयता खाली ठेवून उभे राहिले. जयवंती पदराला हात पुसत पुढे आली. रेवा फोनकडे बघत होती. तिला जायचं होतं. काम यायचं तिला, त्या वाडीत कुणाहीपेक्षा चांगलं एक काम तिला यायचं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"दुपारच्या पाळीला किती जणी?" तिने विचारलं.

"अं, ते आपण बघू ना. आधी तुम्ही जॉइन तर करा."

"आकडा सांगा."

"मॅडम, सध्याची परिस्थिती तुम्हाला माहिती आहे."

तिने चिखलाच्या बोटाने फोन बंद केला.

"काय म्हणतो?" जयवंतीने विचारलं, तिने सगळं ऐकलेलं असूनही.

"एकच," रेवा म्हणाली, आणि वाकून केळीच्या पुढच्या खुंटाला पहार घातली.